पाच मीटरची चूक

वाईला कृष्णेच्या एका लहानशा घाटावर एक मुलगी मोठ्याने पायऱ्या मोजत होती. सतराव्या पायरीवर म्हैस आडवी आली, आकडा चुकला, तशी ती वर गेली आणि पुन्हा एकपासून सुरू झाली. परीक्षेचे दिवस होते, मला वाटलं नवस असेल. जवळ जाऊन विचारलं तर तिने फोन पुढे केला. पडद्यावर त्या घाटाचा नकाशा आणि खाली इंग्रजीत प्रश्न: इथे पायऱ्या किती? पुढचा प्रश्न: कठडा आहे का? काठावरच्या दगडी बाकाबद्दल आणखी एक: याला पाठ आहे का?

"हे कुणाला हवंय?" मी विचारलं.

"गुडघे दुखतात त्यांना," ती म्हणाली आणि पुन्हा मोजायला लागली.

माझे गुडघे दुखतात. पुढचे तीन रविवार मी पुण्याहून वाईला गेले.

नकाशाचं नाव ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने तो सुरू केला. तिथे सरकारी नकाशांची माहिती विकत घ्यावी लागे, वापरावरही बंधनं असत. त्यापेक्षा आपणच फिरून आपला नकाशा करू, असा त्यामागचा विचार. आपल्याकडे तर नकाशा म्हटलं की परवानगीचा अर्ज आठवतो. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नवे नियम आणले आणि नकाशे करण्यावरची बरीच बंधनं सैल केली. वाईतले हे पाच-सहा जण मात्र नियम वाचून यात आलेले नाहीत. फार्मसीला जाणारी ही मुलगी आली कॉलेजातल्या कुणीतरी दाखवलं म्हणून. भूगोलाचे एक सर आहेत. मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला एक तरुण आहे, तो रविवारी अर्धं शटर लावून येतो. आणि काका आहेत.

काका वीज मंडळात मीटर रीडर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि हातात लाल पाठीची जुनी डायरी. फोनवर त्यांना काही भरता येत नाही आणि शिकायचीही इच्छा नाही. ती मुलगी त्यांना नकाशाचा तुकडा ए-फोर कागदावर छापून देते, काका त्यावर निळ्या पेनाने खुणा करतात आणि संध्याकाळी ती त्या खुणा संगणकावर चढवते. कागद घेऊन फिरायची ही पद्धत या नकाशावाल्यांमध्ये जगभर आहे. काकांना ते सांगितलं तर म्हणाले, "मग? कागद काय चार्जिंगला लावावा लागतोय?"

कामाचा अर्धा भाग घरी बसून होतो. उपग्रहाचं चित्र पडद्यावर घ्यायचं आणि त्यावर रस्त्यांच्या रेषा, घरांचे चौकोन काढायचे. वरून कौल दिसतं, पत्रा दिसतो, गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. चिंचेखालची वाट दिसत नाही. चित्रही कधी कधी सरकलेलं असतं, म्हणून आधी पुलाचा कोपरा किंवा चौक धरून ते जागेवर बसवावं लागतं. दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या नकाशावरून उतरवून घ्यायचं नाही, हा इथला सगळ्यात कडक नियम. नकाशे करणारे पूर्वीपासून चोर पकडण्यासाठी एखादी नसलेली गल्ली मुद्दाम घालून ठेवत आले आहेत. हे ऐकून काका खूश झाले. मीटरमध्ये फेरफार करणारे त्यांनी पुष्कळ पाहिलेले.

मग येतो पाच मीटरचा प्रश्न. साधा फोन उघड्या आकाशाखाली आपली जागा साधारण पाच मीटरच्या आत-बाहेर दाखवतो. दोन उंच भिंतींच्या मध्ये गेलं की त्याहून जास्त चुकतो. सर पहिल्याच रविवारी हे समजावून सांगत होते: मे २००० पर्यंत अमेरिका सर्वसामान्यांसाठीच्या जीपीएस संदेशात मुद्दाम चूक घालत असे, ती शंभर मीटरपर्यंत जाई, त्या मानाने पाच म्हणजे काहीच नाही.

"पाच मीटर म्हणजे सोळा फूट," काका म्हणाले. "आमच्या बोळात सोळा फुटांत दोन घरं आन् एक गटार बसतंय."

त्या तिन्ही रविवारी तो आकडा काही त्यांच्या तोंडातून गेला नाही. फोनने त्यांना गंगापुरीतल्या कुणाच्या तरी माजघरात उभं दाखवलं: "पाच मीटर!" चहाचा कप टपरीच्या फळीवरून निसटला: "पाच मीटर चुकला." मलाही सवय लागली. पण थट्टेमागे मुद्दा होता. जुन्या वाईत पाच मीटरमध्ये आळी बदलते, घाट बदलतो, आणि कृष्णाबाईचा उत्सव कोणत्या दिवशी तुमच्या दारात येणार हेही बदलतं. म्हणून बोळात ते फोनवर भरवसा ठेवत नाहीत. कोपऱ्यापासून पावलं मोजतात. काकांचं पाऊल सव्वादोन फुटांचं आहे, असं काकाच म्हणतात.

माणसं विचारतातच. पहिला प्रश्न सगळीकडे एकच. "नगरपालिकेतनं आलाय का?" मग आवाज खाली आणून, "रुंदीकरण आहे का?" एका आजींनी दार अर्धं लावूनच सांगितलं, "घरपट्टी भरलीय." काकांना ओळखल्यावर दार पुरतं उघडलं. मग त्यांना त्यांच्या परसातला आड नकाशात घालून हवा होता, पाणी बारमाही आहे म्हणून. मुलीने समजावलं की आड घालता येईल, पण तो खाजगी आहे अशी नोंद करावी लागेल, नाहीतर उद्या कुणीही कळशी घेऊन येईल. आजी विचारात पडल्या. शेवटी म्हणाल्या, "मग राहू दे." राहू दिला. कोणत्या घरात कोण राहतं हे तर नकाशात घालतच नाहीत. काकांच्या डायरीत ते सगळं आहे, ग्राहक क्रमांकासकट, पण ती डायरी ते कुणाच्या हातात देत नाहीत.

ढोल्या गणपतीच्या देवळाची हकिगत मला जास्त आवडली. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ आधीच कुणीतरी नकाशात घातलं होतं, चार कोपऱ्यांचा सरळ चौकोन करून. काकांनी छापील कागदावर त्या चौकोनाच्या मागच्या बाजूवर फुली मारली. देवळाची मागची भिंत सरळ नाहीच. पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून ती माशासारखी निमुळती केलेली आहे. मुलीने त्या संध्याकाळी टोकाला नवे बिंदू घातले आणि चौकोनाला नाक आलं. बदल जपून ठेवताना काय केलं आणि कशावरून केलं, याची एक ओळ लिहावी लागते. तिने लिहिलं: प्रत्यक्ष पाहून. पेशव्यांच्या काळातल्या गवंड्याचा हिशेब आता त्या रेषेत आहे, आणि बहुतेकांना तो कधीच दिसणार नाही.

नावांचं काम सगळ्यात किचकट. या नकाशात आपल्याकडच्या जागांचं मुख्य नाव बहुतेक वेळा रोमन लिपीत असतं, मराठीसाठी वेगळा रकाना असतो आणि तो पुष्कळदा रिकामा असतो. रिकामा असलेला बरा, असं वाटायची पाळी आली. दूर कुठेतरी बसलेल्या कुणीतरी रोमन अक्षरांवरून मराठी नावं भरली होती. इंग्रजीत आळी लिहायला ए, एल, आय ही तीन अक्षरं. त्यांचं मराठीत झालं 'अली'. गणपती अली, मधली अली. भूगोलाचे सर पोट धरून हसले. काका हसले नाहीत. त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत 'आळी' लिहिलं आणि 'ळ'खाली दोन रेघा मारल्या.

ज्या गावात मराठी विश्वकोशाचं काम चाललं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी एकेक शब्द पारखून घेतला, त्या गावातलं हे. विश्वकोशाची नोंद तज्ज्ञ लिहितात. इथे तज्ज्ञ कोण, तर ज्याने त्या दारात उभं राहून आकडा टिपला आहे तो. मला हे पटतं. उपग्रह रेघ देतो, नाव देत नाही. नाव विचारायला दारापर्यंत जावंच लागतं. आणि विचारायचं कुणाला, हे ठरवलं की निम्मा नकाशा ठरतो. हे मला तिसऱ्या रविवारी कळलं.

त्या दिवशी आम्ही वाईबाहेरच्या एका गावात गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. बांधावर काहिलीत हळद शिजत होती आणि तो ओला, मातकट, किंचित तिखट वास रस्ताभर सोबत होता. गाव झालं, शाळा झाली, देऊळ झालं. ओढ्यापलीकडे एक वस्ती होती. ओढा जेमतेम पाच मीटरचा. काकांनी सवयीने डायरी उघडली आणि वस्तीचं नाव वाचलं. जातीवरून पडलेलं नाव.

पलीकडे नळावर एक बाई हंडा भरत होत्या. त्यांनी ऐकलं. वस्तीच्या तोंडाशी नव्या नावाची निळी पाटी होती, तिच्याकडे त्यांनी हात केला. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली, त्यातलंच हे एक.

मुलगी म्हणाली, पाटीवर आहे तेच नाव घालू. या नकाशाचा नियमच आहे, जागेवर जे आहे ते. मात्र जुन्या नावासाठीही एक रकाना असतो. जुनं नाव शोधणाऱ्यालाही जागा सापडावी, म्हणून. तिने विचारलं, तो भरू का? तिच्या मनात वाईट काही नव्हतं. फोनवर रकाना दिसत होता, एवढंच.

"नका लिहू," बाई म्हणाल्या. "ते आम्ही ठेवलं नव्हतं."

हंडा भरला होता. त्यांनी नळ बंद केला आणि त्या गेल्या.

काका बराच वेळ डायरीकडे बघत उभे होते. त्या पानावर त्यांच्याच अक्षरात ते नाव होतं. दर महिन्याला त्या नावाखाली आकडे टिपत त्यांची नोकरी गेली होती. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं. डायरीतलं नाव खोडलं नाही, नवंही लिहिलं नाही. नकाशात पाटीवरचं नाव गेलं आणि जुन्याचा रकाना रिकामा राहिला. हळद शिजल्याचा वास आला की मला आता उत्सव किंवा लग्न आठवत नाही, तो रकाना आठवतो.

उद्या कुणीही तो भरू शकतं. हा नकाशा कुणालाही बदलता येतो, हीच त्याची ताकद आणि हाच त्याचा घोर. केलेला प्रत्येक बदल नोंदला जातो, चुकीचा असेल तर परत फिरवता येतो, पण त्यासाठी कुणाचं तरी लक्ष हवं. वाईवर लक्ष ठेवणारे हे पाच-सहा जण आहेत. मुलीचं कॉलेज यंदा संपतंय.

माझी दुसरी शंका पैशाची. ही माहिती फुकट आहे, नाव घेऊन कुणीही वापरावी असा तिचा परवाना आहे. २०१० साली हैतीत आणि २०१५ साली नेपाळमध्ये भूकंप झाले, तेव्हा जगभरच्या लोकांनी रात्री जागून याच नकाशात रस्ते काढले आणि मदतवाल्यांनी ते वापरले. हे चांगलंच झालं. पण हाच नकाशा जगातल्या बलाढ्य कंपन्याही आपल्या धंद्यात वापरतात. काकांनी पावलं मोजून टिपलेल्या बोळावर उद्या कुणी पार्सलांचा धंदा करील, त्यातलं काकांना काय? मी हे जरा तावातावाने विचारलं.

"घरी बसलो की बायको पंख्यांचं रीडिंग घ्यायला लावती," काका म्हणाले. "कुठला पंखा कोण चालू ठेवून गेलं. त्यापरीस हे बरं."

उत्तर पटलं नाही, पण त्यावर बोलण्यासारखंही काही उरलं नाही.

त्या घाटावरच्या पायऱ्यांचा आकडा मात्र महिनोन्महिने रिकामा होता. मुलीने म्हैस गेल्यावर मोजल्या तेव्हा बावीस भरल्या, पण तळाच्या पायऱ्या पाण्यात होत्या आणि पाण्यातल्या धराव्या की नाही यावर तिचं आणि काकांचं एकमत होईना. धोम धरणातून पाणी सुटलं की आणखी दोन-तीन बुडतात. काकांचं म्हणणं, पायरी बुडली तरी पायरीच. फोनमध्ये 'आत्ता सांगता येत नाही' असं म्हणून प्रश्न सोडता येतो. तिने तो सोडला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पाणी उतरलं, तेव्हा काका एकटेच जाऊन मोजून आले. त्यांचा फोन आला. चोवीस. तळची एक फुटकी आहे. कठडा नाही.