मागे महाराज, पुढे कोकण

लहानपणी वडिलांबरोबर कोल्हापूरच्या स्टेशनवर गेलो, की मी रूळ संपतात तिथपर्यंत चालत जाई. ‘ह्याच्या पुढं काय?’ असे विचारले, की वडील म्हणत, ‘पुढं कोकण.’ या मार्गाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा जाणवले, की आम्हा कोल्हापूरकरांची रेल्वेविषयीची सारी भावना याच दोन टोकांत मावते : मागे महाराज, पुढे कोकण.

कोल्हापूर-मिरज मार्गाच्या कामाचा प्रारंभ १८८८ साली झाला, तो अद्याप राज्याधिकार न मिळालेल्या, कुमारवयीन शाहू महाराजांच्या हस्ते. १८९१ साली गाडी सुरू झाली. आज स्टेशनला महाराजांचेच नाव आहे, आणि ‘रेल्वे महाराजांनी आणली’ हे वाक्य इथे घरोघरी ऐकू येते.

पण हा वारसा नेमका कशाचा? रुळांचा म्हणावा, तर मूळचा मीटरगेज मार्ग १९७१च्या सुमारास ब्रॉडगेज झाला; त्या अरुंद रुळांसाठी कुणी हळहळल्याचे मी ऐकलेले नाही. माझ्या मते वारसा आहे तो रेल्वेभोवती घेतलेल्या निर्णयांचा. महाराजांनी १८९५ साली स्टेशनलगत शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. पुढे याच मार्गावर वडिलांच्या नावाने जयसिंगपूर उभे केले. गाडी आली, एवढ्यावर ते थांबले नाहीत. शेतकऱ्याचा माल बाजारात कसा पोचेल, हेही त्यांनी पाहिले.

कोल्हापूर-वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६-१७च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. तो प्रत्यक्षात उतरलेला नाही. कोकणात जाणारी वाहने आजही गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने उतरतात. या मार्गाची मागणी करताना माणसे हटकून महाराजांचे नाव घेतात. भूतकाळाचा आधार घेऊन भविष्य मागण्याची ही रीत मला आवडते. मात्र नाव घ्यायचे, तर महाराजांची कसोटीही घ्यायला हवी. मिरजेचा मार्ग सपाटीवरून आला. हा सह्याद्री फोडून जाणार. कुणाची जमीन जाईल, कोणते रान तुटेल आणि त्या बदल्यात गगनबावड्याच्या शेतकऱ्याला कोणती पेठ मिळेल?

रूळ पुढे जावेत, असे मलाही वाटते. त्यांच्याबरोबर हे प्रश्नही जावेत.