छायाचित्र आणि त्याखालील ओळ

सामाजिक दुःस्थितीचे छायाचित्र स्वतःच बोलके असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भाषेच्या अभ्यासकाने ती तपासून घेणे अगत्याचे आहे. छायाचित्र ‘ही पाहा’ एवढेच म्हणू शकते. कोण, केव्हा, कोणत्या कारणाने, हे त्याला सांगता येत नाही. ही उणीव शब्दांनी भरून काढावी लागते, आणि अर्थाची जबाबदारी तेथेच सुरू होते.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग (१८९५–१९६५) यांचे ‘मायग्रंट मदर’ हे चित्र या दृष्टीने उद्बोधक आहे. महामंदीच्या काळात त्या सरकारी पुनर्वसन खात्यासाठी स्थलांतरित शेतमजुरांची चित्रे घेत असत. १९३६ च्या आरंभी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, त्यांनी एका स्त्रीची तिच्या मुलांसह काही चित्रे घेतली. ती वृत्तपत्रात प्रसिद्ध होताच तळाकडे सुमारे २०,००० पौंड अन्नसामग्री रवाना झाली. परंतु ते कुटुंब तोवर पुढे निघून गेले होते.

चित्राखालील ओळीत त्या स्त्रीचा व्यवसाय, अपत्यांची संख्या आणि ३२ हे वय आहे, नाव नाही. नाव व पूर्ववृत्त आपण विचारले नाही, असे लँग यांनीच १९६० मध्ये लिहिले. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर विशेषनामाची जागा सामान्यनामाने घेतली. म्हणूनच ती स्त्री समस्त स्थलांतरितांची प्रतिनिधी होऊ शकली. या व्यापकतेचे मोल मात्र तिला द्यावे लागले. ती चेरोकी या आदिवासी वंशाची होती, हे त्या ओळीवरून कोणासही कळले नाही. १९७८ मध्ये तिची ओळख प्रकट झाली, तेव्हा आपले नावसुद्धा विचारले गेले नाही, अशी तिची तक्रार होती.

यावरून लँग शब्दांविषयी उदासीन होत्या असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. अर्थशास्त्रज्ञ पॉल टेलर यांच्यासह १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ॲन अमेरिकन एक्झोडस’ या ग्रंथात त्यांनी अनेक चित्रांसोबत स्थलांतरितांचेच उद्गार, टिपून घेतले तसे, दिले आहेत. निपोमोच्या चित्रात ‘ती’ असलेली व्यक्ती येथे ‘मी’ म्हणून बोलते. तृतीय पुरुषाचा प्रथम पुरुष होतो.

निपोमोच्या चित्राने करुणा जागी केली, यात संशय नाही. परंतु करुणेचा विषय होणे वेगळे आणि स्वतःविषयी बोलावयास मिळणे वेगळे. म्हणून अशा चित्राचे मूल्यमापन करताना त्यातील छायाप्रकाशाइतकेच, त्याखालील ओळीत कोण बोलत आहे, हेही पाहिले पाहिजे.