मोजणाऱ्याचा धक्का

दही लागलं का हे पाहायला भांडं सारखं हलवलं, तर ते लागतच नाही. जिवंत मेंदूतलं डोपामिन मोजणाऱ्यांना हीच धास्ती असते.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात राल्फ अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी 1973 च्या सुमारास उंदराच्या मेंदूत कार्बनचा इलेक्ट्रोड बसवला, तिथून हा उद्योग सुरू झाला. आता वापरतात तो कार्बनचा एकच तंतू, जाडी सुमारे 7 मायक्रोमीटर. तांबडी रक्तपेशी साधारण एवढीच! तंतूचं व्होल्टेज उणे 0.4 पासून 1.3 पर्यंत चढवून परत उतरवायचं, तेही साडेआठ मिलिसेकंदांत, आणि हे सेकंदाला दहा वेळा. चढताना डोपामिनचा रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो, उतरताना त्याला ते बहुधा परत मिळतात. ही देवघेव नॅनोअँपिअरमध्ये मोजली जाते.

आता गंमत बघा. चेतापेशीच्या आवरणावर स्वतःचं व्होल्टेज असतं जेमतेम 0.07. तिच्या शेजारी 1.3 व्होल्ट म्हणजे कानाशी ढोलच की! तरी पेशी दचकत नाही. मेंदूतल्या खारट द्रवातले आयन तंतूला वेढतात आणि जवळजवळ सगळं व्होल्टेज नॅनोमीटरभर जाडीच्या थरातच जिरतं. पुढे जातो तो हा थर भरण्या-उपसण्याचा प्रवाह, सहसा एका मायक्रोअँपिअरच्या आतला. पेशी मुद्दाम चेतवायची तर बहुधा याच्या अनेक पट प्रवाह लागतो. अर्थात, तंतूला अगदी खेटून बसलेल्या पेशीची हमी कोण देणार?

याच तंतूने पेशींचे विद्युत-ठोकेही ऐकता येतात. दोन मोजण्यांच्या मधल्या वेळात ते सुरू असलेले दिसतात. पण व्होल्टेज चढत-उतरत असताना ठोके ऐकणारं यंत्र बहिरं असतं. म्हणजे धक्का बसला असेल तर नेमका तोच क्षण नोंदीतून निसटतो. मला या तंत्राची ही बाजू सर्वांत लंगडी वाटते.

खरी इजा मात्र विजेपेक्षा टोचण्याने होते. डोपामिन मोजायची दुसरी रीत मायक्रोडायलिसिसची. तिची नळी 200 मायक्रोमीटरहून जाड असते आणि वाटेतल्या केशवाहिन्या फाडत जाते. कार्बनचा तंतू त्यांच्यामधून बराचसा निभावून जातो. तेव्हा डोपामिनचा एखादा आलेख समोर आला, तर आधी सुईची जाडी विचारा, व्होल्टेज नंतर.