एस.टी.चं वेळापत्रक, आपल्याच मोबाईलवर



तिठ्यावर उभं राहून आपण एकमेकींना सगळ्यात जास्त वेळा काय विचारतो? "गाडी गेली काय गो?" आणि उत्तर येतं, "नाय वाटता." त्या 'वाटता'च्या भरवशावर आपण कधी अर्धा तास, कधी दोन तास काढतो.

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या एका गटाच्या तिघींना कर्जाच्या सह्या करायला बँकेत एकत्र जायचं होतं. दोघी वेळेत पोचल्या. तिसरी वाडीच्या थांब्यावर उभीच राहिली, कारण तिची गाडी दहा मिनिटं आधी निघून गेली होती. तिला कळलं तेव्हा उन्हं चढली होती. सह्या झाल्या नाहीत, आणि त्या दिवशीची मजुरी मात्र तिघींचीही बुडाली. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जापेक्षा गाडीवरच जास्त बोलणं झालं. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एस.टी.त अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तर वर्षांवरच्यांना तर प्रवास फुकट आहे. पण गाडी कितीची हेच माहीत नसेल तर त्या सवलतीचं काय करायचं?

तिथूनच वेळापत्रक मोबाईलवर आणायची कल्पना निघाली. हे काम कसं होतं, त्यात पैसे किती लागतात आणि आमचं कुठे चुकलं, ते आज सांगते. मी बी.ए. झाले, कॉम्प्युटर शिकलेली नाही. कोडचं काम माझ्या भाच्याने केलं, तो डिप्लोमाला आहे. पण खरं सांगू का, त्याचं काम दोन रविवारांत झालं. आमचं काम तीन महिने चाललं.

मोबाईलवर वेळापत्रक ही काही नवी गोष्ट नाही. तुमच्या घरातलं कोणी मुंबईला असेल तर त्यांच्या फोनमध्ये एम-इंडिकेटर बघितलं असेल. सचिन टेके यांनी बनवलेलं हे अॅप २०१० च्या सुमारास आलं, तेव्हा ते साध्या बटणांच्या फोनवरही चालायचं. लोकल गाड्यांच्या वेळा त्यात फोनमध्येच साठवलेल्या असतात, म्हणून नेट नसलं तरी दिसतात. आपल्याकडे घाटाखालच्या वाड्यांत रेंज कशी असते ते मी सांगायला नको. त्यामुळे आमची पहिली अट हीच होती की रेंज नसतानाही वेळ दिसली पाहिजे.

दुसरी अट होती की प्ले स्टोअर नको. तिथे अॅप ठेवायला गुगलकडे एकदा पंचवीस डॉलर भरावे लागतात, आणि आमच्या निम्म्या बायकांच्या फोनमध्ये नवीन अॅपला जागाच नसते. नातवंडांचे व्हिडिओ भरलेले असतात ना! म्हणून आम्ही वेब अॅप केलं. वेब अॅप म्हणजे एक वेबपानच, पण अॅपसारखं वागणारं. व्हॉट्सअॅपवर लिंक आली की दाबायची, पान उघडतं. मग ब्राउझरच्या तीन टिंबांत जाऊन 'होम स्क्रीनवर जोडा' केलं की त्याचं चित्र फोनवर येऊन बसतं. आम्ही वेळ एका जागी दुरुस्त केली की सगळ्यांकडे दुरुस्त होते. निदान व्हायला हवी. त्याबद्दल पुढे सांगते, कारण तिथेच आम्ही आपटलो.

आता वेळापत्रक म्हणजे काय ते बघू. आपल्याला वाटतं की ती एक यादी आहे. तशी ती नसते. अमेरिकेत पोर्टलंड नावाचं शहर आहे. तिथल्या बस चालवणाऱ्या संस्थेत बिबियाना मॅकह्यू नावाच्या बाई काम करत होत्या. परक्या शहरात मोटारीचा रस्ता नकाशावर लगेच सापडतो, बस मात्र सापडत नाही, हे त्यांना खटकायचं. त्यांनी गुगलकडे पाठपुरावा केला आणि २००५ मध्ये दोघांनी मिळून बसचं वेळापत्रक लिहायची एक पद्धत बसवली. तिला जी.टी.एफ.एस. म्हणतात आणि आज जगभर तीच वापरतात. नाव अवघड आहे, आतला माल सोपा आहे. त्यात साधे तक्ते असतात. एका तक्त्यात थांबे, दुसऱ्यात मार्ग, तिसऱ्यात फेऱ्या, चौथ्यात कुठली फेरी कुठल्या थांब्यावर किती वाजता, आणि पाचव्यात ती फेरी कुठल्या वारी. आपलं गटाचं दप्तर असतं तसंच आहे हे. सभासदांचं पान वेगळं, बचतीचं वेगळं, कर्जाचं वेगळं, आणि नावावरून सगळी पानं एकमेकांना जोडलेली.

आमचे तक्ते भाच्याने गुगल शीटमध्ये आखून दिले. भरायचे आम्ही. थांब्यांच्या पहिल्याच तक्त्यावर आठवडा गेला. एस.टी.चं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने लागतं, त्यामुळे कागदावर टप्प्यांची नावं सापडतात. पण बाई उभी राहते ती 'वडाखाली', 'शाळेकडे', 'देवळाच्या पायरीकडे'. ही नावं कुठल्याच कागदावर नाहीत. आम्ही तीच घातली. आणि नावं टाईप करायला लावली नाहीत, मोठी बटणं केली. उंबर्डे, भुईबावडा, कोकिसरे ही नावं इंग्रजी अक्षरांत प्रत्येकजण वेगळी लिहितो, मग शोधून सापडायचं कसं? बटण दाबलं की झालं.

खरी मेहनत वेळांची. स्थानकावरच्या फलकावर गाडी तिथून सुटायची वेळ असते. आपल्या वाडीच्या थांब्यावर ती कधी येणार ते कुठे लिहिलेलं नसतं. मग आम्ही ठरवलं की प्रत्येक थांब्याला एक सखी. तिने पंधरा दिवस वहीत लिहायचं, गाडी किती वाजून किती मिनिटांनी आली. काहींनी दुकानदाराला लिहायला सांगितलं, एकीने शाळेत जाणाऱ्या मुलीला. पंधरा दिवसांनी वह्या जमवल्या तर एकाच गाडीच्या पंधरा वेळा. समजा, ७.१० ची गाडी कधी ७.०४ ला आलेली, कधी ७.२५ ला. आता अॅपमध्ये लिहायची कुठली?

भाचा म्हणाला, सरासरी काढू. सरासरी आली ७.१३. आमच्या एक काकी, चौथी शिकलेल्या, लगेच म्हणाल्या, "म्हणजे ७.०४ ला येतली तेव्हा मी घरातच असणार." त्यांचं बरोबर होतं. उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघता येते, पण आधी गेलेली गाडी परत येत नाही. म्हणून आम्ही सरासरी सोडली. आमच्या पानावर दोन वेळा असतात. मोठ्या अक्षरांत 'या वेळेला उभ्या राहा', ती वहीतली सगळ्यात लवकरची वेळ. खाली बारीक अक्षरांत 'बहुतेकदा इतक्यापर्यंत येते'. माझ्या मते आमच्या अख्ख्या अॅपमधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच आहे, आणि ती कॉम्प्युटरवाल्याने सुचवलेली नाही.

वारांचा तक्ता मात्र आम्ही हलक्यात घेतला. आपल्या गाड्या 'रोज' आणि 'रविवार सोडून' इतक्या साध्या नसतात. काही फेऱ्या शाळेच्या दिवशीच असतात. बाजारच्या दिवशी एखादी जादा. गणपतीत चाकरमान्यांसाठी गाड्या लागतात, तेव्हा नेहमीच्या फेऱ्या मागेपुढे होतात. २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी करूळ घाट बंद होता, तेव्हा वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटाने वळवली होती. कोकण रेल्वेसुद्धा पावसाळ्यात वेग कमी ठेवते आणि वेगळं वेळापत्रक लावते. मग रेल्वेला जोडून जाणाऱ्या बाईलाही ते माहीत हवं. पोर्टलंडच्या त्या पद्धतीत यासाठी अपवादांचा वेगळा तक्ता असतो, म्हणजे अमुक तारखेला ही फेरी नाही, अमुक तारखेला जादा. आम्ही तो तक्ता रिकामा ठेवला होता. 'नंतर भरू' म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीत एक काकी तापलेल्या नातवाला घेऊन सकाळी थांब्यावर गेल्या. मोबाईलवर गाडी दिसत होती. पण ती शाळेची फेरी. शाळा बंद, गाडी बंद. आणि गंमत म्हणावी की काय, ही चूक आम्हाला दोन दिवस आधीच कळली होती, आणि आम्ही ती दुरुस्तही केली होती. तरी काकींच्या फोनवर जुनीच वेळ दिसत राहिली. पोराला कडेवर घेऊन त्या मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेल्या. संध्याकाळी मला फोन केला. रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. म्हणाल्या, "गो बाय, तुझ्या मोबाईलात गाडी दिसता, पण रस्त्यार खंय हा ती?"

असं का झालं, ते नीट सांगते, कारण तुम्ही असं काही कराल तेव्हा हाच खड्डा तुमच्या वाटेत असेल. रेंजशिवाय पान दिसावं म्हणून ब्राउझरमध्ये एक छोटा मदतनीस बसवतात, त्याला सर्व्हिस वर्कर म्हणतात. पहिल्यांदा पान उघडलं की तो त्याची प्रत फोनमध्ये ठेवून देतो. आमचा मदतनीस आधी साठवलेली प्रत दाखवायचा आणि तिच्यावरच समाधान मानायचा. नवी आली आहे का, हे तो विचारायचाच नाही. जुना रेशनचा फलक पुसायला विसरलेल्या दुकानासारखं झालं ते. आता त्याला असं शिकवलं आहे: आधी नेटवर नवी प्रत बघ, तीन सेकंदांत मिळाली नाही तरच जुनी दाखव. तीन सेकंदांची मर्यादा अशासाठी की आपल्याकडे रेंजची एकच काडी असते तेव्हा फोन नुसता गोल गोल फिरत बसतो. आणि पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत तारीख येते, ही वेळ शेवटची कधी तपासली. तपासून तीस दिवस झाले की ती ओळ पिवळी होते आणि लिहून येतं, 'आधी विचारून निघा.'

खर्चाचं सांगायचं राहिलं. पान ठेवायला आम्ही गिटहब नावाची जागा घेतली, तिथे असं साधं पान फुकट ठेवता येतं. पत्ताही तिथलाच वापरतो. स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असेल तर वर्षाला काही शे ते हजारभर रुपये लागतात. आम्ही घेतला नाही. एकच बघायचं, पत्ता 'एच.टी.टी.पी.एस.' ने सुरू होणारा हवा, नाहीतर तो मदतनीस कामच करत नाही. सगळ्या फेऱ्यांच्या वेळा मिळून आपण मोबाईलवर काढलेल्या एका फोटोच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या होतात. म्हणून आम्ही त्यात फोटो घातले नाहीत. गटाचा ग्रुप फोटो घालावा असा आग्रह झाला होता, मी ऐकलं नाही.

पासवर्ड सुरुवातीला भाच्याकडेच होता. मग तो नोकरीसाठी पुण्याला जायची बोलणी सुरू झाली आणि माझ्या पोटात गोळा आला. गटाचं बँक खातं आपण एका सहीवर ठेवतो का? मग हे का ठेवायचं? आता पासवर्ड बंद पाकिटात ग्रामसंघाच्या कपाटात आहे, आणि अध्यक्ष व सचिव दोघींना शीट दुरुस्त करता येते. दोघींनी एकेक वेळ माझ्यासमोर बदलून दाखवली, तेव्हाच मी भाच्याला सोडला.

आणखी दोन गोष्टी आम्ही ठरवून केल्या. पानावर स्पष्ट लिहिलं की हे एस.टी. महामंडळाचं अधिकृत वेळापत्रक नाही, आमच्या गटांनी टिपलेल्या वेळा आहेत, आणि महामंडळाचं बोधचिन्ह वापरलं नाही. दुसरं म्हणजे, वेळ टिपणाऱ्या सख्यांची नावं आणि नंबर पानावर टाकले नाहीत. कुठली बाई रोज किती वाजता कुठल्या थांब्यावर असते, हे सगळ्या जगाला कशाला सांगायचं? बदल कळवायचा तर तो गटाच्या व्हॉट्सअॅपवर.

ज्यांच्याकडे मोठा फोन नाही त्यांच्यासाठी त्याच शीटमधून कागद छापून निघतो. रेशन दुकान, शाळा आणि डेअरीत तो लावतो. त्यावरही तारीख असते. पावसात कागद भिजतो, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लावा.

वह्या आम्ही टाकून दिल्या नाहीत, उलट त्यात एक रकाना वाढवला: थांब्यावर किती माणसं चढली. एस.टी.त 'भारमान' बघतात, म्हणजे गाडी किती भरली. ज्या फेरीची वेळ कोणाला माहीत नाही ती रिकामी जाते, आणि फेऱ्या कमी करायची वेळ आली की रिकाम्या गाडीवरच पहिली नजर जाते. आमच्या दुपारच्या एका फेरीबद्दल तशी कुजबुज ऐकली आहे. तिच्या मार्गावरच्या सहा थांब्यांच्या वह्या एक तारखेला भरायला घेतल्या आहेत. महिना संपला की ते आकडे, ग्रामपंचायतीचं पत्र जोडून, आम्ही आगारात घेऊन जाणार आहोत. त्या मार्गावर ज्यांचं माहेर असेल त्यांनी या महिन्यात वडाप सोडून त्याच गाडीने जा गं.