मेमरीची ओळ

ऑर्किड कंपनीचं १९९६ सालचं 'राइटियस थ्रीडी' कार्ड म्हणजे एक साधीशी हिरवी पाटी. त्यावर ना पंखा, ना वेगळी पॉवर केबल. नेहमीचा डेस्कटॉप दाखवणं या कार्डाला जमायचंच नाही. त्यासाठी संगणकात दुसरं साधं कार्ड असावं लागे. त्या कार्डाचा सिग्नल एका आखूड केबलने यात यायचा आणि यातून मॉनिटरकडे जायचा. गेम सुरू झाला की आतला रिले 'टक्' वाजायचा आणि मॉनिटर या कार्डाच्या ताब्यात जायचा.

त्यावरच्या चिप थ्रीडीएफएक्सच्या, 'वूडू' नावाच्या. वेग ५० मेगाहर्ट्झ आणि मेमरी ४ एमबी: त्यातली निम्मी चित्रासाठी, निम्मी टेक्स्चरसाठी. तेव्हाचे बहुतेक गेम या कार्डावर ६४० बाय ४८० मध्येच का खेळायचे, याचं उत्तर त्या चित्राच्या २ एमबीत आहे. ६४० बाय ४८० म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल. प्रत्येकाला २ बाइट धरले तर एका चित्राला ६०० केबी लागतात. पडद्यावर दिसणारं एक चित्र, मागे तयार होत असलेलं दुसरं, शिवाय कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे याची तेवढीच मोठी नोंद. एकूण १,८०० केबी. २ एमबीत बसले. ८०० बाय ६०० ला हाच हिशोब २,८०० केबींच्या वर जातो आणि कोलमडतो.

वेगवेगळ्या काळातल्या कार्डांची कोष्टकं शेजारी ठेवून वाचणारे बहुतेक जण आधी मेगाहर्ट्झ बघतात. मला विचाराल तर आधी मेमरीची ओळ वाचावी, आणि त्यातही बँडविड्थ: चिप आणि मेमरी यांच्यात सेकंदाला किती डेटा ये-जा करू शकतो तो आकडा. एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ हे कार्ड दोन प्रकारच्या मेमरीसह मिळायचं. चिप तीच, १२० मेगाहर्ट्झ वेगही तोच. पण एकाची बँडविड्थ २.७ जीबी, दुसऱ्याची ४.८. रिझोल्यूशन वाढवलं की दुसरं सरळ पुढे निघून जायचं.

२००२-०३ ची लढत तर याचा धडधडीत पुरावा आहे. एटीआयचं रेडिऑन ९७०० प्रो ३२५ मेगाहर्ट्झचं, एनव्हिडियाचं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा ५०० मेगाहर्ट्झचं. वेगाच्या ओळीवरून निकाल लावणारा एफएक्स उचलणार. पण रेडिऑनचा मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातली वाट, २५६ बिटचा होता आणि बँडविड्थ १९.८ जीबी, एफएक्सचा बस १२८ बिटचा आणि बँडविड्थ १६ जीबी. शिवाय रेडिऑन एका फेरीत आठ पिक्सेल रंगवायचं, तर एफएक्स चार. काही महिन्यांनी जुनं, संथ दिसणारं रेडिऑन अनेक चाचण्यांत सरस ठरलं. एफएक्सच्या पंख्याचा आवाज एवढा होता की लोक त्याला 'डस्टबस्टर' म्हणू लागले.

कोअरच्या, म्हणजे चिपमधल्या गणितं करणाऱ्या छोट्या भागांच्या, आकड्याबाबत तर फारच सावध राहायला हवं. एनव्हिडियाच्या २०१८ च्या आरटीएक्स २०८० टीआयमध्ये ४,३५२ कोअर, २०२० च्या आरटीएक्स ३०८० मध्ये ८,७०४. आकडा बरोबर दुप्पट. पण कोअरचे गट दोन्हीकडे ६८च. आधी फक्त पूर्णांकांची गणितं करणारा भाग आता दशांशांचीही करू लागला, म्हणून तोही कोअर म्हणून मोजला गेला. वेग वाढला हे खरं, पण दुप्पट नाही.

आता २००६ चं जीफोर्स ८८०० जीटीएक्स आणि २०२२ चं आरटीएक्स ४०९० शेजारी ठेवा. ट्रान्झिस्टर ६८.१ कोटींवरून ७,६३० कोटींवर गेले. गणनक्षमता सुमारे ०.३५ टेराफ्लॉप्सवरून ८२.६ वर, म्हणजे जवळपास २४० पट. बँडविड्थ मात्र ८६.४ जीबीवरून १,००८ जीबीवर, म्हणजे जेमतेम १२ पट. बस ८८०० जीटीएक्सचाही ३८४ बिटचा होता, ४०९० चाही ३८४ बिटचाच. चिपचा हिशोबाचा वेग आणि तिला डेटा पुरवण्याचा वेग यांच्यातली ही दरी मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

ती दरी बुजवायला चिपमधलीच मेमरी, म्हणजे कॅश, वाढवली गेली. रोज लागणारं तिखट-हळद माळ्यावर न ठेवता मिसळणाच्या डब्यात हाताशी ठेवावं, तसं. एएमडीने २०२० मध्ये आरएक्स ६९०० एक्सटीला १२८ एमबीची अशी कॅश दिली. त्यामुळे ५१२ जीबी बँडविड्थचं ते कार्ड अनेक गेममध्ये ९३६ जीबीच्या आरटीएक्स ३०९० ला टक्कर देऊ शकलं. एनव्हिडियाने त्या ३०९० ची ६ एमबी एलटू कॅश ४०९० मध्ये ७२ एमबी केली. बँडविड्थ आठ टक्केही वाढली नाही, गणनक्षमता मात्र दुपटीपलीकडे गेली. म्हणून अलीकडची कार्डं जुन्यांशी ताडून बघताना बँडविड्थच्या जोडीला कॅशचा आकडाही बघावा. कित्येक कोष्टकांत तो छापलेलाच नसतो, मुद्दाम शोधावा लागतो.