मांसल वनस्पती आणि उत्तरेची थंडी

नवी दिल्लीतील कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन उभे आहे. नोकरीनिमित्त या शहरात येणारी मराठी कुटुंबे सामानाबरोबर गावाकडची झाडेही आणतात, आणि त्यांत कोरफड, पानफुटी, शेर यांसारख्या मांसल वनस्पती हटकून असतात. दिल्लीचा उन्हाळा त्यांना बाधत नाही. जानेवारीतील एखाद्या सकाळी मात्र पानफुटीची पाने काचेप्रमाणे अर्धपारदर्शक झालेली दिसतात आणि दोन दिवसांत लिबलिबीत होऊन गळून पडतात.

मुंबईत सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, त्याची आठवण अजून काढली जाते. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ रोजी उणे ०.६ आणि १ जानेवारी २०२१ रोजी १.१ अंश तापमानाची नोंद झाली. शिवाय वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून उंचावर, छपराखाली असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उघड्यावरची पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात, तेव्हा गावातील तापमान शून्याच्या बरेच वर असते, त्याचे कारण हेच.

मांसल वनस्पतीचे वैभव म्हणजे तिच्या पेशींत साठविलेले पाणी, आणि थंडीत घात होतो तोही त्याचमुळे. प्रथम पेशींच्या मधल्या जागेत बर्फाचे स्फटिक धरतात. ते पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतात, पेशीपटल फाटते आणि बर्फ वितळल्यावर उरतो तो केवळ लगदा. थंडी किती पडली याइतकेच ती किती वेळ टिकली यालाही महत्त्व असते. अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ फॉरेस्ट श्रीव्ह यांनी १९११ साली सग्वारो या महाकाय निवडुंगाविषयी हेच दाखवून दिले. त्याच्या उत्तरेकडील प्रसाराची सीमा सलग किती तास पारा शून्याखाली राहतो यावर ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. उलट, कॅनडातील पीस नदीच्या खोऱ्यात फड्या निवडुंगाचा एक ठेंगणा भाऊबंद बर्फाखाली हिवाळा काढतो. थंडीची चाहूल लागताच तो अंगातील पाणी कमी करतो, सुरकुततो आणि जमिनीलगत लोळण घेतो. पेशीरस दाट झाला की तो सहजी गोठत नाही.

या सुरकुतण्यातच संरक्षणाचे मर्म आहे. नोव्हेंबर सरताना पाणी तोडत न्यावे. पान किंचित सुकलेले दिसले तरी दयाबुद्धीने झारी उचलू नये. दिल्लीत खरे नुकसान बहुधा ओलीने होते. दाट धुके रात्री पांघरुणासारखे उपयोगी पडते खरे, पण दिवसा ते ऊन अडविते; कुंडीतील माती आठवडाभर वाळत नाही आणि थंड, ओल्या मातीत मुळे कुजतात. त्यात पश्चिमी विक्षोभाचा अवकाळी पाऊस आला तर विचारावयासच नको. म्हणून कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे, मातीत भरपूर जाडी वाळू, आणि वर छज्जाचा आडोसा असावा. दक्षिणाभिमुख भिंत दिवसभर तापून रात्री ती ऊब हळूहळू सोडते, तेव्हा कुंड्या तिच्या कडेला ठेवाव्यात. निरभ्र रात्री गोणपाट घालावे, ते काठ्यांवर ताणून, पानांना न टेकता. आणि सकाळी आठवणीने काढावे. प्लास्टिकचा कागद टाळावा. तो पानाला चिकटतो आणि आत घाम धरतो.

इतके करूनही खोडाचा एखादा भाग काळा पडलाच, तर निरोगी, कोरड्या गरापर्यंत स्वच्छ सुरीने कापावे आणि जखम वाळू द्यावी. शेर कापताना मात्र त्याचा चीक डोळ्यांत जाणार नाही याची फार काळजी घ्यावी. पानफुटीची दोन-चार पाने डिसेंबरातच घरात, उजेडाच्या खिडकीत आणून ठेवावीत. बाहेरचे झाड गेले तरी त्या पानांच्या कडांना फुटलेली रोपे फाल्गुनात कुंडीत लावता येतात.