कानामागचं गाणं – भाग ६ : आजीचं निदान

लग्नसराईत धुळ्याच्या गल्लीत वरात शिरली, की नवरदेवाच्या आधी बेंजो येतो. गाडीवर रचलेले भोंगे, अँप्लिफायरचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं आणि त्यातून निघणारा करकरीत सूर. ओट्यावरची आजी कानावर हात ठेवून म्हणते, "आवाज फाटी ऱ्हायना!"

निदान अचूक आहे. अँप्लिफायरला न पेलणाऱ्या ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात आणि त्या छाटणीतून मुळात नसलेले वरचे स्वर उमटतात. मेटल संगीतातला गिटारवाला हेच मुद्दाम करतो, वर त्यासाठी पैसे मोजून यंत्र घेतो. म्हणून फोक मेटल, म्हणजे लोकसंगीत मिसळलेलं मेटल, हे नाव परकं वाटलं, तरी त्यातला निम्मा मसाला आपल्या वरातीत कधीपासून आहे.

इंग्लंडच्या 'स्कायक्लॅड'नं १९९१च्या पहिल्याच अल्बममध्ये या फाटक्या गिटारीशेजारी व्हायोलिन बसवलं आणि विषय घेतला पृथ्वीच्या नासधुशीचा. म्हणजे सामाजिक आशय या प्रकाराला नंतर चिकटवलेला नाही.

आपल्याकडचं ठळक उदाहरण दिल्लीच्या 'ब्लडीवूड'चं. १८ फेब्रुवारी २०२२ला आलेल्या त्यांच्या 'रक्षक'मध्ये दहा गाणी आहेत. 'गद्दार' द्वेषाच्या राजकारणावर, 'जी वीरे' नैराश्यावर, 'एंड्युरंट' शाळेतल्या छळावर. 'दना-दन'चा विषय लैंगिक अत्याचार. राग समजतो, पण हिंसेला हिंसेचं उत्तर देणारा त्याचा आवेश मला खटकतो.

या अल्बममध्ये ढोलापेक्षा बासरीच जास्त लक्षात राहते, त्याचं कारण आवाजाच्या गर्दीत आहे. पंजाबी ढोलाची एक बाजू जाड, वाकड्या काठीनं घुमते, दुसरी बारीक छडीनं तडतडते. मेटलमध्ये खालच्या पट्टीत आधीच झुंबड असते : खर्जात उतरवलेली गिटार, बास, पायानं वाजणारा ड्रम. ढोलाचा घुमारा त्यात बुडतो. वर उरते छडीची तडतड आणि करण कटियारची बासरी. आशयाचंही थोडं तसंच झालंय. मुद्दा बव्हंशी इंग्रजी रॅपमध्ये सांगितला जातो आणि हिंदी-पंजाबी उरते ती आरोळीपुरती.

न्यूझीलंडच्या 'एलियन वेपनरी'नं हा गुंता वेगळ्या वाटेनं सोडवला. १८६३च्या कायद्यानं माओरींच्या जमिनी जप्त झाल्या, त्यावरचं 'रौपातू' हे त्यांचं गाणं बरंचसं माओरीत आहे. ज्यांची जमीन गेली, त्यांच्याच भाषेत.

ते ऐकताना मला शहादा आठवतं. १९९८मध्ये नंदुरबार वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या मागे भिल्ल-पावरा शेतमजूर उभे राहिले, तेही हातून गेलेल्या जमिनींसाठीच. 'गोधड'चे कवी वाहरू सोनवणे याच चळवळीतले. विषय तयार, भाषा तयार, ढोलही तयार. फाटकी गिटार तेवढी कुणी आणलेली नाही.

आणली, तर जरा बेतानं आणावी. अक्कलकुव्याच्या डोंगरात काठी गावची होळी पहाटे पेटते. तोवर रात्रभर मोठाले ढोल घुमतात आणि सजून नाचणाऱ्या बुध्यांच्या कमरेचे घुंगरू खणखणतात. खालच्या पट्टीत ढोलाशी भांडायला तिथं दुसरं कुणी नसतं. भोंगा नसतानाही तो घुमारा आधी छातीत जाणवतो, मग कानाला कळतो.